आभाळातला काळा ठिपका

सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावरून काढलेला फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, की बऱ्याचदा निळ्या आभाळात एक करडा, कडा विरलेला गोल ठिपका दिसतो. पुढच्या फोटोत तो बरोबर त्याच जागी असतो, त्याच्या पुढच्यातही. लेन्स बदलली तरी हटत नाही. कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरच्या तोंडाशी, धुळीचा एक कण येऊन बसला आहे.

या एवढ्याशा कणापायी माणसं दोन टोकं गाठतात. काहींना सेन्सर म्हटलं की धडकीच भरते. ती प्रत्येक फोटोतले ठिपके संगणकावर पुसत बसतात. काही जण चष्मा पुसायचं फडकं बोटाला गुंडाळून सरळ आत हात घालतात आणि हजारोंचा खर्च ओढवून घेतात. खरं तर सेन्सरची साफसफाई हे घरच्या टेबलावर शिकता येणारं कसब आहे आणि त्याचं सार क्रमात आहे. सगळ्यात सौम्य उपाय आधी करायचा आणि त्याने भागलं की तिथेच थांबायचं.

धूळ बसते कुठे?

फिल्मच्या जमान्यात हा प्रश्न फारसा छळत नसे. रोल पुढे सरकला की दर फोटोला फिल्मचा नवा कोरा तुकडा समोर येई. धूळ असलीच तर ती त्या तुकड्याबरोबर निघून जाई. डिजिटल कॅमेऱ्यात हजारो फोटो एकाच पृष्ठभागावर उमटतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढाच. एपीएस-सी कॅमेऱ्यात साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा. आज बसलेला कण काढला नाही, तर पुढच्या वर्षीच्या फोटोतही तो हजर.

धीर देणारी गोष्ट अशी, की धूळ सेन्सरच्या सिलिकॉनवर बसतच नाही. सिलिकॉनच्या पुढे काचेच्या गाळण्यांचा थर असतो. त्यातली एक अवरक्त किरण अडवते. अनेक कॅमेऱ्यांत आणखी एक असते, ती अतिबारीक नक्षीमुळे उमटणाऱ्या खोट्या पट्ट्या रोखते. आपण साफ करतो ती ही काच. ती चांगली टणक असते. पण तिच्यावर नाजूक मुलामा असतो आणि तो खरवडला गेला तर घरी दुरुस्त होत नाही. म्हणून भीती सोडावी, जपणूक सोडू नये.

ही काच सेन्सरच्या किंचित पुढे असते, म्हणून फोटोत आपल्याला कण दिसत नाही, त्याची सावली दिसते. लांब ट्यूबलाइटखाली भिंतीवर हाताची सावली फिकट, पसरट पडते. टॉर्चच्या उजेडात तीच काळीभोर आणि रेखीव होते. लेन्सचं ॲपर्चर नेमकं हेच करतं. समजा, कण पन्नास मायक्रॉनचा आहे आणि तो सेन्सरपासून दोन मिलिमीटर पुढे बसला आहे. एफ/२.८ ला सेन्सरच्या एका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या उंचीवर सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असतो. कण त्यातला जेमतेम अर्धा टक्का प्रकाश अडवतो, डोळ्यांना पत्ताही लागत नाही. एफ/१६ ला तोच शंकू ०.१२५ मिलिमीटरवर येतो आणि कण सहावा हिस्सा प्रकाश गिळतो. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो वीसेक पिक्सेल रुंदीचा डाग होऊन उमटतो. म्हणून लग्नात उघड्या ॲपर्चरने फोटो काढणाऱ्याला धूळ वर्षभर जाणवत नाही आणि निसर्गदृश्यं टिपणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी दिसते.

थरथरणारी काच

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत या दुखण्यावर यांत्रिक उपाय पहिल्यांदा आणला ऑलिंपसने, २००३ साली, ई-१ या कॅमेऱ्यात. सेन्सरपुढे एक पातळ पारदर्शक पापुद्रा बसवला आणि कॅमेरा सुरू होताना तो सेकंदाला तीस हजारांहून जास्त वेळा थरथरेल अशी सोय केली. माणसाच्या कानाला हे कंपन ऐकू येत नाही, पण कोरडी धूळ त्याने सुटते आणि खालच्या चिकट पट्टीवर अडकून राहते. २००६ मध्ये कॅननच्या ४००डी ने स्वतःची कंपनपद्धत आणली. सोनीने त्याच वर्षी अल्फा १०० मध्ये सेन्सरच हलवून धूळ झटकायचा मार्ग घेतला. २००७ मध्ये निकॉनचा डी३०० आला आणि त्यानंतर ही सोय सर्वसामान्य झाली.

ही थरथर कोरड्या कणांवर चालते. ओलसर परागकण, चिकटून वाळलेला थेंब किंवा तेलाचा शिंतोडा यांच्यापुढे तिचं काही चालत नाही. शिवाय सगळी धूळ बाहेरूनच येते असंही नाही. शटरचे पडदे, लेन्स बसते ते धातूचं कडं, वंगण, हे सगळं आतूनही थोडी थोडी भर घालत असतं. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० ची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या फोटोंत ठिपके वारंवार येत, विशेषतः वरच्या डाव्या कोपऱ्यात. अखेर २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही मोफत तपासणी आणि सफाई केली, शटरही बदलून दिलं. साफ केल्यावर ठिपके त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा उगवत असतील, तर दोष कॅमेऱ्याच्या आत आहे. तिथे घरची सफाई पुरी पडत नाही.

आधी तपासणी

हात लावण्याआधी डाग किती आहेत आणि कुठे आहेत, हे पाहावं. ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२, आयएसओ सगळ्यात कमी. समोर पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ. फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि शटर उघडं असताना कॅमेरा हळूच हलवायचा. भिंतीवरचे पोपडे, पोचारे त्यामुळे विरून जातात. धूळ मात्र कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्याने जागच्या जागी ठळक उमटते. हा फोटो संगणकावर उघडून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवला, की सेन्सरचा सगळा नकाशा समोर येतो.

नकाशा वाचताना एक मेख ध्यानात ठेवावी. लेन्स प्रतिमा उलटी पाडते. कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिलं, तर फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो. डावी-उजवी बाजू मात्र तशीच राहते. फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यातला ठिपका शोधायचा तो खालच्या डाव्या कोपऱ्यात.

फुग्यापासून स्वॅबपर्यंत

जागा निवडण्यापासूनच काम सुरू होतं. पंखा बंद, खिडकीतून वारा नको, उदबत्ती पेटलेली नको. केर काढल्यावर तासभर हवा निवू द्यावी. अंगात लोकरीचं किंवा तंतू सुटणारं काही नसावं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मेनूतून सफाईचा पर्याय निवडला की आरसा वर जाऊन शटर उघडं राहतं. मध्येच बॅटरी संपली तर दोन्ही खाली येतात आणि आतल्या स्वॅबवर आपटतात. बल्ब मोडवर बटण दाबून धरून हे काम कधीच करू नये. मिररलेसमध्ये सेन्सर लेन्स काढताच समोर दिसतो. पण ज्यांत सेन्सर हलून हाताची थरथर सावरतो, त्यांत तो तरंगता बसवलेला असतो. अशा कॅमेऱ्यात दाब आणखी हलका ठेवायचा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला क्रम पाळायचा.

पहिली पायरी कॅमेऱ्याचीच थरथर, दोन-तीनदा. दुसरी रबरी फुग्याचा ब्लोअर. नवा ब्लोअर आधी बाहेरच पाच-पंचवीस वेळा दाबून घ्यावा, आत पावडर असेल तर ती निघून जाते. मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करायचं, नळीचं टोक कड्याच्या आत न नेता खालून वर जोरात हवा मारायची. सुटलेली धूळ आपल्या वजनाने खाली पडते. शटरच्या पडद्यांवर मात्र हवेचा झोत नको, ते फार पातळ असतात. तोंडाने फुंकर घातली तर थुंकीचे बारीक शिंतोडे काचेवर जातात आणि कोरड्या कणाच्या जागी ओला डाग पडतो. डब्यातली दाबाची हवा तर हातातही घेऊ नये, तिच्यातला द्रव फवाऱ्यासारखा उडून काचेवर गोठतो.

घरी होणाऱ्या सफाईचा मोठा भाग इथेच आटोपतो. पुन्हा चाचणीचा फोटो काढायचा आणि नकाशा स्वच्छ असेल तर लेन्स लावून मोकळं व्हायचं.

एखाद-दुसरा हट्टी कोरडा कण उरला, तर पेंटॅक्सने आणलेली चिकट जेलची काडी उपयोगी पडते. काडीचं टोक काचेवर अलगद टेकवायचं, सरळ वर उचलायचं, सोबतच्या चिकट कागदावर दाबून साफ करायचं आणि पुढच्या जागी टेकवायचं. घासायचं नाही. तेलकट डागावर ही काडी वापरू नये, आणि स्वस्त नकलेच्या नादी लागू नये. तिचा चिकटा काचेवर राहिला तर काम दुप्पट होतं.

शेवटची पायरी ओल्या स्वॅबची. प्लास्टिकच्या चपट्या दांडीला तंतू न सोडणारं मऊ कापड गुंडाळलेलं असतं. फुल फ्रेमला २४ मिलिमीटरचा, एपीएस-सीला १६ मिलिमीटरचा, म्हणजे सेन्सरच्या उंचीएवढा. एका फेरीत वरपासून खालपर्यंत सगळं पुसलं जावं, मध्ये रेघ राहू नये, यासाठी हे माप. द्रावण सेन्सरसाठी बनवलेलंच घ्यायचं. त्यात बहुधा मिथेनॉलसारखं झटकन उडून जाणारं अल्कोहोल असतं. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि गॅसच्या शेगडीजवळ बाटली उघडू नये.

कापडाच्या कडेवर दोन-तीन थेंब टाकून काही सेकंद थांबायचं. थेंब कापडात पसरला पाहिजे, कडेवर लोंबता कामा नये. स्वॅब सेन्सरच्या डाव्या टोकाला टेकवायचा, दांडी ज्या दिशेने जायचं तिकडे थोडी कलती. पातं जरासं वाकेल एवढाच दाब. मग न थांबता, एका वेगाने, उजव्या टोकापर्यंत. तिथे दांडीचा कल पालटून दुसऱ्या स्वच्छ बाजूने परत डावीकडे, आणि उचलायचं. मागे ओलीची फिकट झिलई दिसते आणि पाहता पाहता उडून जाते. तो स्वॅब आता कचऱ्याचा. त्याच्या कापडात अडकलेला वाळूचा एक कण दुसऱ्या फेरीत काचेवर ओरखडा काढू शकतो. कडेला वाळल्याची रेघ राहिली असेल तर द्रावण जास्त झालं. नवा स्वॅब, थेंब कमी.

आपल्याकडची धूळ

महाराष्ट्रात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याला नाना तऱ्हेची धूळ भेटते. जेजुरीला सोमवती अमावास्येला किंवा पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा हळदीचं पीठ हवेत तरंगत असतं. ते इतकं बारीक असतं, की लेन्स क्षणभर काढली तरी आत शिरतं आणि दमट हवेत चिकटून बसतं. ताडोबात एप्रिल-मे मध्ये उघड्या जिप्सीमागे मातीचा लोट उठतो. कोकणातल्या पावसाळ्यात धूळ कमी, पण ओल आणि बुरशीचा धोका जास्त; तिथे सिलिका जेल किंवा कोरडं कपाट हीच खरी राखण. घाटावरच्या कोरड्या थंडीत स्थिरविद्युत वाढते आणि कण काचेला घट्ट धरून बसतात.

अशा जागी सर्वांत चांगली सफाई म्हणजे लेन्स न बदलणं. दिवसभरासाठी एकच झूम लावून जावं, जमलं तर दोन बॉडी न्याव्यात. बदलणं भागच असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद, तोंड खाली, नवी लेन्स आधीच हाताशी. लेन्सचं मागचं झाकण आणि बॉडी कॅप यांच्या आतली धूळ थेट सेन्सरवर जाते, म्हणून घरी आल्यावर आधी ती पुसावीत. २०१८ मध्ये आलेल्या कॅननच्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटून सेन्सर झाकला जातो. चांगली सोय आहे, पण ती सावधपणाची जागा घेऊ शकत नाही.

थांबायचं कुठे?

एफ/२२ च्या चाचणीत दिसणारा प्रत्येक ठिपका घालवायचाच, या हट्टाने कॅमेऱ्याचं नुकसान होतं. आपण नेहमी एफ/८ किंवा एफ/११ वर फोटो काढत असू, तर तिथे न दिसणारा डाग पुसायला आणखी एक स्वॅब काचेवर फिरवण्यात शहाणपण नाही. उरलेला एखादा ठिपका संगणकावर सहज जातो. लाइटरूमच्या २०१३ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून तर पडदा काळा-पांढरा करून लपलेले ठिपके उठून दाखवण्याची सोयही आहे. काचेवर ओरखडा असेल, बुरशी असेल, दोन-तीन स्वॅबनंतरही डाग हलत नसेल, तर सर्व्हिस सेंटर गाठावं.

फोटोग्राफीच्या वर्गांत प्रकाश, रचना, ॲपर्चर यांवर दिवसचे दिवस खर्च होतात. त्यातला अर्धा तास या कामाला मिळायला हवा. शिक्षकाने सगळ्यांसमोर चाचणीचा फोटो काढावा, ब्लोअर मारावा, पुन्हा फोटो काढावा आणि प्रत्येकाला एकेक जुनी बॉडी हातात देऊन स्वॅब फिरवायला लावावा. दाब किती द्यायचा हे वाचून कळत नाही, ते हातालाच शिकावं लागतं. एकदा हात बसला, की कॅमेरा धुळीत न्यायची भीती जाते. मग जेजुरीच्या पायऱ्यांवर उभं राहताना सगळं लक्ष समोरच्या माणसांवर ठेवता येतं.