घडीचा फोन घेताय? आधी बिजागरी बघा

एप्रिल २०१९. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षकांच्या हाती पडला आणि काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली. स्क्रीन बाद! विक्री थेट सप्टेंबरवर गेली. सॅमसंगच्याच २०२० च्या झेड फ्लिपमध्ये घडी होणारी काच आली, केसाहूनही पातळ. तरी तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असतोच, तेव्हा नखं जपा.

पहिला फोल्ड मिटल्यावर बिजागरीपाशी १७ मिमी जाड, २०२५ चा फोल्ड ७ फक्त ८.९. हुआवेचा मेट एक्सटी तर दोनदा घडी होतो.

बिजागरीची खरी वैरीण धूळ. फोल्ड ७ चं रेटिंग आयपी४८, म्हणजे पाण्याला टक्कर, बारीक धुळीला नाही. गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डने आयपी६८ गाठलंय, म्हणजे धुळीलाही टक्कर. माझ्या मते हीच मोठी झेप.

घेण्याआधी आतली स्क्रीन बदलायचा खर्च नक्की विचारा.