घरच्या छपरींत गाडीचा गिअरबॉक्स उतरविणें

ऐन सुगींत किंवा भाजीपाल्याच्या तोडणींत मालगाडीचा क्लच निकामी होणें हें ज्याच्यावर गुदरलें आहे, त्यास त्याची किंमत निराळी सांगावयास नको. तालुक्याच्या कारखान्यांत गाडी ओढून न्यावी, तेथें आपली पाळी येईतों थांबावें, आणि इकडे तोडलेला माल बांधावर सुकत पडावा, असा हा प्रकार असतो. क्लचप्लेट ही वस्तु फार महाग नाहीं; परंतु ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्यें दडलेली असल्यामुळें ती बदलण्यास गिअरबॉक्स उतरविल्यावांचून गत्यंतर नसतें. बहुतेक खर्च होतो तो या उतरविण्याचाच. ज्यास पाना धरण्याची संवय आहे आणि ज्याच्याजवळ एक धीराचा सोबती आहे, त्यास हें काम घरच्या छपरींत करतां येतें. तें कसें करावें व कोठें हात आखडावा, हें येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मांडणी समजून घ्यावी. इंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें गिअरबॉक्स आणि शेवटीं मागील चाकांस गति, ही रचना फ्रान्सांतील पानार व लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास रूढ केली. अमेरिकेतील विलिस कंपनीनें १९४५ सालीं शेतकऱ्यांस डोळ्यांपुढें ठेवून जी नागरी जीप विक्रीस काढली, तिची रचना याच घराण्यांतली. आणि त्या जीपच्या वंशांतील गाड्या महिंद्र कंपनीनें पुढें आपल्या देशांत बांधिल्या, त्यांपैकीं कित्येक अद्यापि शेतांवर राबत आहेत. आजच्या बहुतेक मागील चाकांवर चालणाऱ्या पिकअप गाड्यांतही हाच क्रम आहे. आमचें विवेचन अशा गाड्यांपुरतेंच समजावें. ज्या लहान मोटारींचीं पुढचीं चाकें ओढतात, त्यांचा गिअरबॉक्स आडवा बसविलेला असतो व त्याचा मार्ग अगदीं निराळा आहे.

गिअरबॉक्सच्या तोंडांतून एक खांचेदार शाफ्ट पुढें आलेला असतो. तो क्लचप्लेटच्या मधल्या छिद्रांतून जाऊन त्याचें टोंक इंजिनाच्या दांड्याच्या मागील अंगास असलेल्या लहानशा बेअरिंगमध्यें किंवा बुशमध्यें टेंकतें. हा शाफ्ट गति पोंचविण्यासाठीं आहे. गिअरबॉक्सचें वजन पेलण्यासाठीं नव्हे. सर्व कामाचें मर्म या एका वाक्यांत आहे. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न स्वतःस विचारावा: ‘या क्षणीं वजन कोणावर आहे?’ उत्तर ‘घोडीवर’ किंवा ‘जॅकवर’ असेल तर पुढें जावें. ‘शाफ्टवर’ असेल तर यंत्राचा नाश, आणि ‘आपल्या छातीवर’ असेल तर प्राणाचा.

गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी तो खरोखरच उतरविणें जरूर आहे कीं काय, याची खात्री करावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाहीं, तर क्लच घसरतो आहे असें समजावें. मात्र पेडलास मुळींच सुटी चाल उरली नसेल तर नुसती जोडणी सैल केल्यानेंही हा दोष जातो. गिअर कुरकुरत पडत असेल तर केबल सैल झाली आहे काय, किंवा तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असल्यास नळींत हवा शिरली आहे काय, हें आधीं पाहावें. पेडल दाबतांच आवाज येतो, तर बहुधा दाबाचें बेअरिंग गेलें. आणि गाडी न्यूट्रलमध्यें उभी असतां आवाज येऊन पेडल दाबतांच थांबतो, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा. हें सर्व तपासण्यास अर्धा तास लागतो आणि कित्येकदां दोन दिवसांचें काम वांचतें.

आतां जागेविषयीं. जमीन फरशीची किंवा सिमेंटची असावी. मातीचीच असेल तर प्रत्येक घोडीखालीं व जॅकखालीं जाड फळी घालावी. वरून कडक दिसणारी जमीनही भारानें एका अंगास दबते. जीं चाकें जमिनीवर राहतील त्यांस दोन्ही बाजूंनीं उट्या लावाव्या. जॅकनें गाडी उचलावी, पण चेसिसखालीं लोखंडी घोड्या लावून तिचा भार त्यांवर सोडल्यावांचून खालीं शिरूं नये. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. त्यांतील एक लहानसें रबर फाटलें कीं तो क्षणांत बसतो. विटा किंवा दगड यांची चळत तर कधींही रचूं नये. वीट पूर्वसूचना न देतां फुटते. घोड्या लावल्यावर गाडीस बाजूनें जोराचा हिसका देऊन पाहावा. हलली तर ती तेव्हांच हललेली बरी. एकट्यानें हें काम करूं नये.

काम सुरू करतांना बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. नंतर गिअरबॉक्सचें तेल काढावें. परंतु त्यांतही एक खुबी आहे. आधीं वरचें, तेल भरण्याचें बूच सुटतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच खालचें सोडावें. तेल सांडून गेलें आणि भरण्याचें बूच गंजून बसलेलें आढळलें, म्हणजे गाडी जागीं अडकलीच. पुढें प्रॉपेलर शाफ्ट सोडावयाचा. सोडण्यापूर्वी दोन्ही जोडांवर छिन्नीची किंवा रंगाची एकेक खूण करावी. मूळच्या स्थितींत न बसविल्यास गाडी वेगांत थरथरते. चार चाकांवर चालणाऱ्या जीपमध्यें पुढचा शाफ्टही सोडावा लागतो. मग आंतून गिअरचा दांडा काढून त्या भोंकांत स्वच्छ फडकें कोंबावें. मीटरची केबल आणि मागील दिव्याची तार सोडावी. स्टार्टर आड येत असल्यास तो काढून तारेनें बांधून ठेवावा, त्याच्या विजेच्या तारांवर लोंबत ठेवूं नये. क्लच तेलाच्या दाबाचा असेल तर त्याचा खालचा सिलिंडर नळी न उघडतां बाजूस बांधावा आणि काम पुरें होईतों कोणासही पेडल दाबूं देऊं नये; दाबल्यास आंतील दट्ट्या बाहेर येतो.

प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या डबींत ठेवून डबीवर ठिकाण लिहावें. उभी उमर दप्तरांत घालविल्यामुळें आम्हांस ही खोड आहे असें कोणी म्हणेल. परंतु बेलच्या भोंवतालचे बोल्ट सारख्या लांबीचे असतातच असें नाहीं, आणि आंखूड बोल्टाच्या जागीं लांब घातल्यास तो बुडाशीं अडून आंटे तरी फाडतो, नाहीं तर घट्ट बसल्याचा भास तरी करतो.

यापुढील पायरी सर्वांत जोखमीची. बहुतेक गाड्यांत इंजिनाचा मागील भार गिअरबॉक्समार्फत आडव्या तुळईवर पडतो. ती तुळई काढतांच इंजिन मागें झुकतें. म्हणून आधीं इंजिनाच्या मागील अंगाखालीं जाड लांकूड ठेवून जॅक लावावा. तेलाच्या टांकीच्या पातळ पत्र्याच्या मध्यावर भार देऊं नये. दुसरा जॅक गिअरबॉक्सखालीं आणून गिअरबॉक्स त्यास पट्ट्यानें किंवा सांखळीनें पक्का बांधावा. साध्या पिकअपचा गिअरबॉक्स साधारण तीस ते पन्नास किलोंचा असतो; जीपमध्यें चार चाकांस गति वांटणारी पेटी त्यास जोडलेली असल्यानें भार आणखी वाढतो. दोन माणसांनीं निजून हातांवर झेलण्याजोगा तो नव्हे.

तुळई काढल्यावर बेलचे बोल्ट सोडावे, परंतु समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत राखावे. ते काढतांना त्यांच्या जागीं डोकें नसलेले दोन लांब बोल्ट फिरवून ठेवावे. त्यांच्या आधारानें गिअरबॉक्स सरळ रेषेंत मागें सरकतो आणि शाफ्ट पूर्ण बाहेर पडेपर्यंत खालीं झुकत नाहीं. शाफ्ट मोकळा दिसला म्हणजेच जॅक हळूहळू उतरवावा.

आंत दिसणारी काळी धूळ फुंकून उडवूं नये. जुन्या क्लचप्लेटींत ॲस्बेस्टॉसचे तंतु असत आणि ते फुफ्फुसांत गेल्यास कर्करोगास कारण होतात. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें बांधून टाकावें. प्रेशरप्लेटचे बोल्ट आळीपाळीनें, समोरासमोरचे, थोडथोडे सैल करावे. प्लेट तेलानें भिजलेली असेल तर तेल कोठून आलें तें शोधून तेथील सील आधीं बदलावें. नाहीं तर नवी प्लेटही त्याच वाटेनें जाईल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा दिसल्यास तें जाणत्या कारागिरास दाखवावें. इतकें उघडलें आहे तेव्हां दाबाचें बेअरिंग आणि टोंकाचा बुशही बदलून टाकावा. त्यांत काटकसर करणाऱ्यास हेंच काम पुन्हा करावें लागतें.

बसवितांना आम्हांकडून जी चूक घडली ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आमच्या पिकअपची क्लचप्लेट आम्हीं नुसत्या नजरेनें मध्यावर बसविली. सायंकाळ झाली होती आणि पहाटे टोमॅटो बाजारास न्यावयाचे होते. गिअरबॉक्स जवळजवळ जागीं गेला, पण बोटभर फट राहिली. ती कांहीं केल्या मिटेना, तेव्हां बोल्ट आवळून ओढून घेऊं, असा कुविचार सुचला. दोन आंट्यांनंतर ‘कट्’ असा आवाज झाला आणि बेलचा एक कान तडकला. तो डागून आणण्यांत चार दिवस गेले. तोडलेल्या मालापैकीं निम्मा उकिरड्यावर गेला. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या उतावळेपणाचा होता.

म्हणून नवी प्लेट बसवितांना तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे असावी तें त्यावर लिहिलेलें असतें, तें वाचावें. मध्य साधण्यासाठीं योग्य मापाचा दांडा वापरावा. सुतार-कातारी लांकडाचाही कातून देतो. शाफ्टच्या खांचांस ग्रीसचा केवळ हात लावावा; अधिक लावल्यास तें उडून प्लेटीवर बसतें. खांचा जुळत नसतील तर गिअर टाकून मागील टोंक किंचित् फिरवावें. दोन्ही तोंडें हातानें एकमेकांस चिकटलीं म्हणजेच बोल्ट आवळावे. फट राहिली तर मागें घ्यावा, पाहावें आणि पुन्हा न्यावा. गिअरबॉक्स ढकलून बसविण्याचा आहे, आवळून ओढण्याचा नाहीं.

शेवटीं गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें तेल भरण्याच्या छिद्राच्या कांठापर्यंत घालावें, पेडलाची सुटी चाल जुळवावी, आणि पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावे. गिअरबॉक्सच्या पोटांतील दांतचक्रें मात्र घरीं उघडूं नयेत. त्यास निराळीं हत्यारें व निराळी विद्या लागते. तो उतरवून कारागिराकडे नेला तरी ओढण्याचा व उतरविण्याचा खर्च वांचतोच.

हें काम सुगीपूर्वी, मोकळ्या आठवड्यांत, दिवसाउजेडीं करावें. ज्या संध्याकाळीं घाई असेल त्या संध्याकाळीं पाना खालीं ठेवून शेजाऱ्याची गाडी मागावी. तें भाडें कधींही स्वस्तच पडतें.