चांदनी चौकातील मोटारबंदी आणि कापडाच्या गाठी

दिल्लीचा चांदनी चौक शाहजहानची लेक जहाँआरा बेगम हिने वसवला. कापड खरेदीसाठी तिथल्या कटऱ्यांत आम्हा व्यापाऱ्यांचे जाणेयेणे असते. २०२१ साली लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी झाली.

रस्ता देखणा झाला, हे कबूल. चुन्नामलची हवेली आता निवांत उभे राहून पाहता येते. खाण्याच्या गाड्यांना रात्री बारापर्यंत मुभा देण्याचेही सरकारने तेव्हा जाहीर केले. जलेबीवाल्यांची चांदी! पण कापडाची गाठ काही जलेबीसारखी द्रोणातून नेता येत नाही. टेम्पो रात्री नऊनंतर येणार, म्हणजे दुकानदार आणि हमाल दोघांनाही जागरण आले. दिवसा माल हलवायचा तर मजुरी जास्त, आणि ती शेवटी मीटरमागे गिऱ्हाइकावरच पडते.

नकाशा काढणाऱ्यांना मोटार कुठे उभी राहील याची फिकीर असते; गाठ कुठे उतरेल ते आपणच विचारायचे. तेव्हा व्यापारी बंधूंनो, आपल्या गावच्या जुन्या बाजाराचा आराखडा हरकतींसाठी निघाला की माल उतरवण्याची जागा आणि वेळ मुदतीच्या आत लेखी मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.