बंदुकीची नळी हाताने कशी घडवत

आमच्या लहानपणी गावातल्या एका जुन्या वाड्यात ओसरीच्या भिंतीवर एक लांबलचक ठासणीची बंदूक टांगलेली असे. घरी परवाना होता, पण ती कुणी उडवत नसे. दसऱ्याला ती खाली काढत, पुसत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा खुंटीला लावत. एका दसऱ्याला घरातल्या तरुण मुलाने हट्ट धरला, की आज बार काढायचाच. दारूही आणून ठेवली होती.

गावचे म्हातारे लोहार पूजेला आले होते. त्यांनी बंदूक मागून घेतली. आधी लोखंडी गज आत घालून जुना बार भरलेला नाही ना, ते पाहिले. मग गजाला ओली चिंधी गुंडाळून नळीत फिरवली. चिंधी तांबडीलाल होऊन बाहेर आली. म्हातारबाबा म्हणाले, "पोरा, हिचा सांधा आतनं गंजलाय. बार काढशील तर हात जाईल तुझा."

आम्ही मुले भोवती जमलो होतो. आम्हाला सांधा काही दिसेना. नळी तर अखंड! तेव्हा त्यांनी ती उन्हात तिरपी धरली. लोखंडावर बारीक तिरप्या रेघा होत्या, दोरीला पीळ असतो तशा. ते म्हणाले, "ही ओतलेली न्हाई, गुंडाळलेली हाय."

लोखंडाची नळी गुंडाळतात कशी, तेच आता पाहू.

आजच्या कारखान्यात पोलादाची भरीव कांब घेतात आणि यंत्राने तिला आरपार सरळ भोक पाडतात. चारशे वर्षांपूर्वी असे यंत्र नव्हते. लोहाराजवळ काय होते? भाता, ऐरण, घण, सांडशी आणि कानस. एवढ्यावर त्याला दीड-दोन हात लांब, आतून गुळगुळीत आणि सुतासारखी सरळ नळी करायची होती.

सोपी रीत अशी. लोखंडाची लांब पट्टी ठोकून पातळ करायची. ती तापवून एका गजाभोवती विड्याच्या पानासारखी वळवायची. दोन्ही कडा जुळल्या की त्या तापवून ठोकून एकजीव करायच्या. नळी झाली. पण तिचा सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उभा असे, आणि खरी भीती तिथेच होती. वालाची वाळलेली शेंग तडकते ती उभी. शेतातला पाण्याचा पाइप जास्त दाबाने फुटतो, तेव्हाही बहुधा उभीच चीर पडते. नळीत दारू पेटली की आतला वायू चहूबाजूंनी रेटा देतो. हा रेटा नेमका त्या उभ्या सांध्यालाच उसवू पाहतो. आणि बंदूक उडवणाऱ्याचा गाल नळीपासून वीतभरही लांब नसतो!

यावर कारागिरांनी दुसरी रीत काढली. बोटाला जखम झाली की आपण चिंधी कशी बांधतो? तिरपे वेढे देत, एकावर एक थोडे चढवत. तशीच तापलेली पट्टी गजाभोवती तिरपी गुंडाळायची. मग सांधा उभा राहत नाही, नळीभोवती फिरत जातो. रेट्याचा सारा भार एका रेषेवर येत नाही.

अकबर बादशहाच्या कारखान्यात असे काम चाले. त्याच्या दरबारातील अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की पूर्वी कडा जोडून नळ्या करत आणि त्यामुळे पुष्कळ अपघात होत. पुढे पट्टी तिरपी गुंडाळून, वेढ्यावर वेढा चढवून नळ्या करू लागले. पूर्वी नळी पाव भरली तरी भीती वाटे. आता तोंडापर्यंत भरली तरी ती फुटत नाही, असे तो म्हणतो. ही युक्ती बादशहानेच काढली, असेही त्याने लिहिले आहे. दरबारचा लेखक धन्याची स्तुती सैल हाताने करणारच. आम्ही त्यातले थोडे वजा करून वाचतो. पण एक गोष्ट त्याने चांगली केली. उस्ताद कबीर आणि हुसेन अशी दोन कारागिरांची नावे त्याने लिहून ठेवली. बंदुकीवर कारागिराचे नाव कोरण्याची रीतही तिथे होती. नळी फुटली तर ती कुणी केली, हे लपत नसे.

आता सांधा कसा जुळतो ते पाहू. गाडीच्या चाकाची धाव लोहार कशी जोडतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. पांढरे झाले की दोन तुकडे घणाच्या घावाने एक होतात. ताप कमी पडला तर ते नुसते चिकटल्यासारखे दिसतात. जास्त झाला तर लोखंड जळते, त्यातून ठिणग्या उडू लागतात. उष्णता मोजायचे साधन नव्हते. डोळा हेच मोजमाप. जोडावर वाळू टाकत. ती वितळून लोखंडावरचा मळ पातळ करी आणि घाव बसला की मळ बाहेर फेकला जाई. थोडा जरी मळ आत राहिला, तरी तिथे पोकळी राही. वरून ती कुणाला दिसत नसे. नळीचा असा वीत वीतभर भाग तापवून ठोकत पुढे सरकायचे. एक घाई, एक दुर्लक्ष, आणि पुढे कधीतरी एखाद्या शिपायाची बोटे जायची. लोहार हे जाणून होता.

मग नळी आतून साफ करायची. लांब गजाच्या टोकाला पोलादी पाते बसवून ते आत फिरवत. अकबराच्या कारखान्यात यासाठी बैल जुंपून फिरवायचे चाक होते. त्यावर एका वेळी सोळा नळ्या साफ होत. इतर ठिकाणी माणसेच हाताने फिरवत. नळी सरळ आहे का, हे पाहायला आतून दोरा ताणून धरत. दोरा कुठे भिंतीला टेकला आणि कुठे सुटला, ते पाहून बाहेरून हलका ठोका देत. गवंड्याची सुतळी आणि ही युक्ती एकाच जातीची.

शेवटी परीक्षा. नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, माणसाने दूर उभे राहायचे आणि बार काढायचा. टिकली तर पास. इंग्लंडात लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली आणि नळ्या तपासून शिक्का मारण्याचे काम तो करू लागला. बर्मिंगहॅमला त्यासाठी 1813 साली वेगळी संस्था झाली.

नळीखेरीज चाप, घोडा, दस्ता हे सारे असेच हाताने होई. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवलेला सुती दोर, म्हणजे जामगी, धुमसत ठेवत. चाप ओढला की घोडा ती जामगी रंजकावर टेकवी. प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच एका बंदुकीला बसवलेला. एकीचा घोडा दुसरीला लागत नसे. मोडला तर पुन्हा कारागिराकडेच जावे लागे. 1785 साली फ्रान्समध्ये ब्लांक नावाच्या कारागिराने पन्नास बंदुकांच्या कळा सुट्या करून अमेरिकेचे वकील जेफर्सन यांच्यापुढे मांडल्या. जेफर्सन यांनी हाताला येतील ते भाग उचलून काही कळा स्वतः जोडल्या, आणि त्या बिनचूक बसल्या. आज मोटारपंपाचा सुटा भाग आपण दुकानातून आणून बसवतो. ती रीत तेव्हा नवलाची होती.

मराठ्यांचाही या कामाशी संबंध होता. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला तोफा आणि बंदुका तयार होत. तिथे सँगस्टर नावाचा स्कॉटलंडचा माणूस देखरेखीला होता. पुढे इंग्रजी राज्य आले, कारखान्यातल्या बंदुका आल्या, आणि 1878 च्या हत्यार कायद्याने लोकांच्या शस्त्रांवर परवान्याचे बंधन घातले. बंदुकीचे काम करणारे लोहार हळूहळू नांगराच्या फाळाकडे वळले.

आमच्या गावचे लोहार त्यांतले होते की काय, हे विचारायचे आम्हाला त्या वयात सुचले नाही. त्या दिवशी त्यांनी तरुणाला नुसते रागे भरले नाही. घरी जाऊन ते एक बारीक खिळा आणि हातोडी घेऊन आले. जुन्या काळी तोफ निकामी करायला तिच्या कानात खिळा ठोकत. तसाच त्यांनी त्या बंदुकीच्या कानात ठोकला, कानशीने वरचे टोक घासून सपाट केले आणि बंदूक पाटावर ठेवून तिला नमस्कार केला. मग ती पुन्हा खुंटीला लागली. दारूची पुडी त्यांनी स्वतः विहिरीजवळच्या चिखलात रिकामी केली.