मित्रदेशानेच जीव घेतला तर सरकारने काय करावे?
ऑकलंड बंदरातील एका घटनेचा धडा



परक्या देशाच्या हेरांनी आपल्या गावात येऊन कोणाचा जीव घेतला, तर आपल्या सरकारने काय करावे? तो देश शत्रू असेल तर उत्तर सोपे असते. त्याच्या वकिलातीला टाळे लावावे, व्यापार बंद करावा, जगभर ओरड करावी. पण तो देश मित्र असेल तर? आपली माणसे त्याच्या भूमीवर त्याच्यासाठी लढून मेली असतील आणि आपला माल विकायला त्याची संमती लागत असेल तर?

२ ऑक्टोबर २०१८ रोजी सौदी पत्रकार जमाल खशोगी लग्नाचे कागदपत्र घेण्यासाठी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेले, ते परत बाहेर आलेच नाहीत. तेव्हा हा प्रश्न साऱ्या जगाने विचारला. पण त्याच्या तेहतीस वर्षे आधी न्यूझीलंड या छोट्या देशाला तो सोडवावा लागला होता. त्या वेळी त्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होती. त्याने काय केले, त्यातले काय साधले आणि काय हातचे गेले, हे आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

काय घडले

१९८५ च्या जुलै महिन्यात ग्रीनपीस या संस्थेचे ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज ऑकलंडच्या मार्सडन धक्क्याला लागले होते. फ्रान्स प्रशांत महासागरातील मोरुरोआ बेटावर अणुचाचण्या करीत असे. त्या चाचण्यांचा निषेध करण्यासाठी हे जहाज तिकडे निघणार होते. जहाजावर फर्नांडो परेरा नावाचा छायाचित्रकार होता. जन्माने पोर्तुगीज, नागरिकत्वाने डच, वय ३५, दोन मुलांचा बाप. मोरुरोआला जे घडेल ते कॅमेऱ्यात टिपून जगाला दाखवणे हे त्याचे काम.

१० जुलैच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास जहाजाच्या तळाशी स्फोट झाला. लोक धक्क्यावर उतरले. परेरा आपले कॅमेरे आणायला खाली गेला असे सांगतात. काही मिनिटांतच दुसरा स्फोट झाला, आत पाणी शिरले आणि तो बुडून मेला.

बंदराजवळ चोऱ्या होत म्हणून बोट क्लबची मंडळी रात्री पहारा देत असत. त्यांना एका भाड्याच्या गाडीचा संशय आला व त्यांनी तिचा नंबर टिपून ठेवला होता. १२ जुलैला ती गाडी परत करायला आलेले एक स्विस जोडपे पोलिसांनी ताब्यात घेतले. त्यांचे पासपोर्ट खोटे निघाले. ते जोडपेही नव्हते आणि स्विसही नव्हते. ते होते फ्रेंच गुप्तहेर खात्याचे मेजर अलँ माफार आणि कॅप्टन डॉमिनिक प्रियर. बाकीचे साथीदार निसटले.

फ्रान्सने आधी कानावर हात ठेवले. ऑगस्टमध्ये एका सरकारी अहवालाने आपल्याच खात्याला निर्दोष ठरवले. पण ‘ल माँद’ आणि इतर फ्रेंच वृत्तपत्रांनी पिच्छा सोडला नाही. २० सप्टेंबरला संरक्षणमंत्री शार्ल एर्नू यांना राजीनामा द्यावा लागला, गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाला काढून टाकण्यात आले आणि २२ सप्टेंबरला पंतप्रधान लोराँ फाबियुस यांनी कबूल केले की जहाज आमच्याच माणसांनी, वरच्या हुकमावरून बुडवले. एका छायाचित्रकाराच्या मृत्यूचे खरे कारण बाहेर आणण्यात त्याच्या व्यवसायातल्या माणसांचा वाटा मोठा होता, हे आम्हाला विशेष वाटते.

न्यूझीलंडने काय केले

पहिली गोष्ट म्हणजे तपास पोलिसांच्या हातात राहिला. प्रकरण परराष्ट्र खात्याच्या बंद खोलीत गेले नाही. साध्या खुनाचा तपास होतो तसा गाडीचा नंबर, पासपोर्ट, हॉटेलचे हिशेब असा धागा धागा जुळवण्यात आला. त्यामुळे पुढे फ्रान्सपुढे जे ठेवले गेले तो नुसता आरोप नव्हता, हातात पुरावा होता.

दुसरी गोष्ट, आरोपींना कोर्टात उभे केले. फ्रान्सचे म्हणणे असे की ते सैनिक आहेत, त्यांनी हुकूम पाळला, आता देशाने जबाबदारी घेतली आहे, तर माणसांना सोडा. न्यूझीलंडने उत्तर दिले की देश जबाबदार आहेच, पण म्हणून माणूस सुटत नाही. ४ नोव्हेंबरला दोघांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि २२ नोव्हेंबरला त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मात्र गुन्हा कबूल केल्यामुळे खटला पूर्ण चालला नाही, आणि हुकूम कोणी दिला हे कोर्टात उघड झाले नाही. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांची संमती होती असे त्या वेळच्या गुप्तहेर प्रमुखानेच लिहून ठेवले होते, हे जगाला कळायला २००५ साल उजाडले.

तिसरी गोष्ट, संबंध तोडले नाहीत. फ्रेंच माणसाशी आमचे भांडण नाही, त्याच्या सरकारच्या कृत्याशी आहे, हा फरक न्यूझीलंडने सांभाळला. बोलणे चालू राहिले म्हणूनच पुढे काही वसूल करता आले.

लोण्याचे दडपण

यानंतर फ्रान्सने व्यापाराची नाडी आवळली. १९८६ च्या सुरुवातीला मेंढीच्या भेज्यासारखा न्यूझीलंडचा माल फ्रान्समध्ये अडकू लागला. त्याहून मोठी भीती लोण्याची होती. न्यूझीलंडचे लोणी ब्रिटनमध्ये विकले जाई, पण १९७३ साली ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेल्यावर किती लोणी येऊ द्यायचे हे त्या बाजारातले सगळे देश मिळून ठरवू लागले. त्यात फ्रान्सचा शब्द वजनदार होता. हजारो शेतकरी कुटुंबांची रोजीरोटी त्या लोण्यावर.

अशा वेळी मोठे मित्र पाठीशी उभे राहतील अशी आशा होती. पण अमेरिका व ब्रिटन या दोघांनीही फ्रान्सविरुद्ध कडक शब्द काढला नाही. अमेरिका तर अणुशस्त्रवाहू जहाजांना बंदरात मज्जाव केला म्हणून आधीच न्यूझीलंडवर रुसलेली होती.

पंतप्रधान डेव्हिड लाँगी वारंवार सांगत की कैदी विकायला ठेवलेले नाहीत. पण दडपण वाढत गेले. अखेर जून १९८६ मध्ये दोन्ही देशांनी वाद संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हाविएर पेरेझ दे क्वेयार यांच्याकडे सोपवला. ६ जुलैला त्यांनी निवाडा दिला. फ्रान्सने बिनशर्त माफी मागावी. न्यूझीलंडला ७० लाख डॉलर द्यावेत. लोण्याच्या आड येऊ नये. आणि दोघा कैद्यांना प्रशांत महासागरातील हाओ बेटावरील फ्रेंच लष्करी तळावर तीन वर्षे ठेवावे, दोन्ही सरकारांच्या संमतीशिवाय तेथून हलवू नये.

म्हणजे दहा वर्षांच्या शिक्षेची तीन वर्षे झाली, आणि तुरुंगाचे बेट झाले. न्यूझीलंडमध्ये अनेकांना हे आवडले नाही. आम्हालाही ते पटत नाही. पण एवढेही पाळले गेले नाही. डिसेंबर १९८७ मध्ये माफारला पोटाच्या दुखण्याचे कारण सांगून पॅरिसला नेले, ते परत पाठवलेच नाही. मे १९८८ मध्ये प्रियर गरोदर आहे म्हणून तिलाही नेले. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाला तेव्हा दोन-तीन दिवस उरले होते.

न्यूझीलंडने पुन्हा लवादाकडे दाद मागितली. ३० एप्रिल १९९० रोजी तीन सदस्यांच्या लवादाने निकाल दिला की फ्रान्सने करार मोडला. पण तीन वर्षांची मुदत १९८९ च्या जुलैमध्येच संपली होती, त्यामुळे दोघांना परत बेटावर पाठवण्याचा हुकूम झाला नाही. दोन्ही देशांच्या मैत्रीसाठी एक निधी काढावा व फ्रान्सने त्यात वीस लाख डॉलर घालावेत एवढी शिफारस झाली. १९९१ साली फ्रेंच पंतप्रधान मिशेल रोकार स्वतः न्यूझीलंडला आले आणि त्यांनी माफी मागितली. फ्रान्सने परेराच्या कुटुंबाला व ग्रीनपीसलाही वेगळी भरपाई दिली.

गप्प बसले तर काय होते

कोणी म्हणेल, एवढे करून काय मिळाले? त्यासाठी दुसरे एक प्रकरण पाहावे. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्व तिमोरमधील बालिबो गावात इंडोनेशियाच्या फौजेच्या हल्ल्यात दूरचित्रवाणीचे पाच पत्रकार मारले गेले. त्यांत गॅरी कनिंगहॅम हा न्यूझीलंडचा कॅमेरामन होता. इंडोनेशिया हा शेजारी आणि शीतयुद्धातला उपयोगी मित्र. दोन्हीकडच्या गोळीबारात सापडून ते मेले, असे सांगण्यात आले. २००७ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या मृत्यू-चौकशी न्यायालयाने म्हटले की त्यांना जाणूनबुजून मारण्यात आले, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून. पुढे ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी तपास केला व २०१४ साली पुरावा अपुरा म्हणून बंद केला. आजपर्यंत एकाही माणसावर खटला चाललेला नाही.

खशोगी प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. जर्मनीने सौदीला शस्त्रे देणे थांबवले. अमेरिकेने सतरा सौदी माणसांवर निर्बंध घातले, आणि २०२१ साली आपल्याच गुप्तचरांचा अहवाल प्रसिद्ध केला की या कारवाईला युवराजांची मंजुरी होती. पण युवराजांवर निर्बंध घातले नाहीत. तुर्कस्तानात चाललेला खटला एप्रिल २०२२ मध्ये सौदीकडेच सोपवण्यात आला, आणि त्याच महिन्यात तुर्की राष्ट्राध्यक्ष सौदीच्या भेटीला गेले.

आमच्या मते काय करावे

पहिले, तपास व खटला पोलिसांचा व कोर्टाचा. मंत्र्यांनी त्यात हात घालू नये. दुसरे, पुरावा हातात आला की कृत्याला त्याच्या नावाने हाक मारावी. दुःखद घटना, गैरसमज, अपघात असले शब्द वापरू नयेत. तिसरे, त्या देशाच्या जनतेशी वैर धरू नये व बोलण्याचे दार बंद करू नये. चौथे, दोघांत मिटत नसेल तर तिसऱ्याकडे जावे, पण करार लिहिताना तो मोडल्यास काय दंड हे त्यातच लिहून घ्यावे. न्यूझीलंड तेथे चुकले. पाचवे, व्यापाराच्या धमकीपुढे एकट्याने टिकणे कठीण असते, म्हणून मित्रांनी अशा वेळी बोलले पाहिजे. १९८५ साली ते बोलले असते तर कदाचित कैदी बेटावर गेले नसते.

सहावे आणि आपल्यासाठी सर्वांत अवघड, माप सर्वांना एकच असावे. २००४ साली दोन इस्रायली नागरिक ऑकलंडमध्ये पकडले गेले. सेरेब्रल पाल्सी झालेल्या एका माणसाच्या नावाने न्यूझीलंडचा पासपोर्ट मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. कोणाचा जीव गेला नव्हता, तरी पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी कोर्टाचा निकाल लागताच उच्च पातळीवरील भेटीगाठी थांबवल्या. जून २००५ मध्ये इस्रायलने पत्राने माफी मागितली, मगच संबंध पूर्ववत झाले. आपल्यापैकी पुष्कळांना तेव्हा वाईट वाटले असेल. एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असेही कोणी म्हटले असेल. पण वीस वर्षांपूर्वी फ्रान्सला जे विचारले तेच आपल्याला विचारले, आणि उत्तर मिळाल्यावर विषय संपवला. आपल्याला न आवडणाऱ्या सरकारकडून जी अपेक्षा आपण करतो, ती आपल्या सरकारकडूनही करावी लागते.

तोरामध्ये देवारीमच्या एकविसाव्या अध्यायात एक नियम आहे. शेतात प्रेत सापडले आणि मारणारा ठाऊक नसला, तर वडीलधाऱ्यांनी व न्यायाधीशांनी जाऊन भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडीलधाऱ्यांनी पुढे यायचे. मेलेला आमच्या गावचा नव्हता, असे म्हणून त्यांना घरी बसता येत नाही.

फर्नांडो परेरा न्यूझीलंडचा नव्हता. मारणारे न्यूझीलंडचे नव्हते. पण धक्का ऑकलंडचा होता, आणि त्या देशाने अंतर मोजून जबाबदारी आपली मानली. पुरती निभावता आली नाही, तरी टाळली नाही.