देणे वजा केले तर?

जोतिबाची चैत्री यात्रा आली. जायचे तर खरे, पण खिसा रिकामा. समजा, तुम्ही शेजाऱ्याकडून ५०० रुपये उसने घेतले. डोंगर चढलात, गुलाल-खोबरे उधळले, 'चांगभलं' म्हणून घरी आलात. पैसे सारे खर्च झाले. आता तुमच्याजवळ किती राहिले?

"काही नाही," असे तुम्ही म्हणाल. पण तसे नव्हे, बरं का! ज्याच्याजवळ काही नाही आणि ज्याच्यावर कुणाचे देणेही नाही, तो शून्यावर. तुम्ही शून्याच्या खाली ५०० आहात. हे −५०० असे लिहितात. आकड्याआधीची आडवी रेघ म्हणजे उणे.

असल्या आकड्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. जवळ असते ते 'धन', देणे असते ते 'ऋण'. आजही शाळेत हेच शब्द चालतात. भास्कराचार्य ऋण आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. रेघ मागाहून आली.

आता मजुरीचे ३०० रुपये आले, ते शेजाऱ्याला दिले. −५०० मध्ये ३०० मिळवले, राहिले −२००. पण हेच ३०० कुणी जमेऐवजी तुमच्या नावे मांडले तर? −८०० होतील. ६०० रुपयांचा फरक! वहीत रक्कम कोणत्या बाजूला पडली, हे आपल्या डोळ्यांनी बघावे.

शेजारी भला माणूस. म्हणाला, "राहू द्या ते २००." −२०० मधून −२०० वजा झाले, उरले शून्य. देणे गेले म्हणजे तेवढे मिळालेच की! ५० रुपयांची चार देणी सुटली असती, तरी २०० चाच फायदा. म्हणून −४ गुणिले −५० बरोबर +२००. ऋणाला ऋणाने गुणले की धन येते. इथे शिकलेली पोरंही अडखळतात.

परीक्षेत त्यांना असे गणित असते : दोन संख्यांचा गुणाकार १२, बेरीज −७. संख्या कोणत्या? पोरगा घाईने ३ आणि ४ लिहितो. त्यांची बेरीज तर ७ आली, −७ नव्हे. गुणाकार धन, म्हणजे दोन्ही संख्या एकाच जातीच्या. दोन्ही धन असत्या तर बेरीजही धन आली असती. तेव्हा दोन्ही ऋण : −३ आणि −४.

आता हे तुम्ही करा. गुणाकार १५, बेरीज −८.