हाडाची भर टिकते ती हिरडीच्या झाकणावर

दात काढल्यावर त्या जागेचं जबड्याचं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते. म्हणून इम्प्लांटच्या आधी तिथं हाडाची भर, म्हणजे बोन ग्राफ्ट, घालतात. आज आपल्यापुढचा प्रश्न असा, की नीट घातलेली भरसुद्धा कधीकधी वाया का जाते?

पुष्कळदा दोष भरीचा नसतो, वरच्या जखमेचा असतो. भर हा सुरुवातीला नुसता सांगाडा. त्यात बाजूच्या हाडातून रक्तवाहिन्या शिरतात, मग पेशी येतात. नवं हाड व्हायला काही महिने लागतात. हिरडी मात्र भराभर वाढते. ती आधी आत घुसू नये म्हणून मध्ये पडदा ठेवतात. जखम उसवली की लाळ आणि जंतू थेट त्या पडद्यापर्यंत पोचतात. कोलॅजनचा पडदा असेल तर तो वेळेआधीच विरघळतो आणि खालची भर उघडी पडते.

आता जखम उसवते कशाने? मुख्य कारण ताण. भरीमुळे खालचा उंचवटा वाढतो, वरची हिरडी तेवढीच राहते. ती ओढून शिवली तर कडांना रक्त कमी मिळतं; त्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते. म्हणून सर्जन हिरडीच्या आतल्या बाजूचं, न ताणणारं अस्तर छेदून ती सैल करतात. कडा न ओढता जुळल्या पाहिजेत, हा पहिला नियम.

बाकीचं आपल्या हातात आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. मिश्री तर थेट हिरडीवरच चोळली जाते. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम रेंगाळते. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतली असतील, तर ते आधीच सांगायला हवं. आणि एक साधी गोष्ट: टाके बघायला आपण आरशासमोर ओठ ओढतो, तो ताण थेट टाक्यांवर येतो. ढिली कवळीही तिथं दाबते.

सुरुवातीला भरीचे एक-दोन कण तोंडात आले तर घाबरायचं कारण नाही. पण पांढरा पडदा दिसू लागला, पू आला, किंवा कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. उसवलेल्या नाजूक कडा लगेच पुन्हा शिवल्या तर बहुधा टिकत नाहीत. लहान उघडीप स्वच्छ ठेवून, क्लोरहेक्सिडिनने जपून, पुष्कळदा भरून येते. पू झाला तर मात्र भर काढावी लागू शकते, आणि मग सगळं पहिल्यापासून. म्हणून पहिले दोन आठवडे आपण जखमेला द्यायचे.